ल्वार नदी ऑर्लेआंपाशी का वळते आणि उन्हाळ्यात तिच्यात नुसती वाळूच का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. उगम भूमध्य समुद्राच्या बाजूला, तरी ती जाते अटलांटिकला. आधी सरळ उत्तरेला, जणू पॅरिस गाठायचंय अशी, आणि ऑर्लेआंपाशी एकाएकी पश्चिमेला वळते. असं का? आणि हजार किलोमीटर लांबीच्या या नदीत ऱ्हाइनसारखी मालवाहू जहाजं का नाहीत? जुलै-ऑगस्टच्या फोटोंत तर पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते.

मी या खोऱ्यात पूर-अंदाज आणि काठच्या बांधांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मुद्दा एकच आहे. आज आपण जिला ल्वार म्हणतो ती वेगवेगळ्या काळात घडलेल्या तुकड्यांची जोडून बनलेली नदी आहे. वरचा तुकडा उत्तरेला सेन नदीकडे जाणारा, खालचा पश्चिमेला समुद्राकडे जाणारा. तिचं वळण, तिची वाळू, तिचे पूर आणि तिच्या रिकाम्या जलमार्गाची गोष्ट या सगळ्यांचं मूळ तिथेच सापडतं.

उगमापासून सुरुवात करू. आर्देश जिल्ह्यात जेर्बिये द जों नावाचा 1,551 मीटर उंचीचा सुळका आहे. ज्वालामुखीच्या घट्ट लाव्ह्याचा हा सुळका गवताळ पठारावर एकटाच उभा आहे. त्याच्या पायथ्याशी, सुमारे 1,400 मीटर उंचीवर झरे फुटतात आणि त्यांतल्या तिघांवर ‘हाच ल्वारचा उगम’ अशी पाटी आहे. एकाला भौगोलिक उगम म्हणतात, दुसऱ्याला खरा, तिसऱ्याला अस्सल. भौगोलिक म्हणवणारा झरा एका शेतघराच्या गोठ्यातल्या दगडी कुंडीत पडतो. खरं तर तिथली सगळी माळरानंच पाझरत असतात. पावसाळी दिवसात गवतावर पाय ठेवला की बुटात पाणी जातं, म्हणून एकच बिंदू धरून वाद घालण्यात मला कधी अर्थ वाटला नाही.

या जागेपासून रोन नदी सरळ रेषेत जेमतेम 50 किलोमीटर पूर्वेला आहे आणि भूमध्य समुद्राचा किनारा दक्षिणेला साधारण 150 किलोमीटर. मग ल्वार तिकडे का उतरत नाही? कारण हे पठार कललेलं आहे. आल्प्स पर्वत वर येत असताना मासिफ सेंट्रल या जुन्या, कठीण पठाराची आग्नेय कड उचलली गेली आणि तडकली. त्यामुळे भूमध्य समुद्राच्या बाजूला एकदम कडा आहे, तर उत्तरेला आणि पश्चिमेला मंद उतार. ल्वारने हा मंद उतार धरला. कड्याच्या बाजूने वाहणारे ओढे छोटे, पण आडदांड आहेत. ते मागे मागे पठार कुरतडत चालले आहेत आणि कधीतरी ल्वारचा माथा ते पळवणार, हे भूशास्त्राच्या दृष्टीने ठरल्यासारखंच आहे.

माणसाने मात्र तेवढी वाट पाहिली नाही. 1954 साली मोंपेझाचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. ल्वारवरचं ला पालीसचं धरण, शेजारच्या ओढ्यांवरचे अडसर आणि इसार्लेसचं विवराचं तळं यांतलं पाणी बोगद्यातून 600 मीटरहून अधिक खाली सोडलं जातं आणि ते आर्देश नदीवाटे रोनमधून भूमध्य समुद्राला जातं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला कोयना पुरे. पूर्वेला कृष्णेत जाणारं पाणी अडवून, घाट फोडून, वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडायचं, तोच हा हिशेब. पाणी वळवल्यावर मूळ खोऱ्यातल्या लोकांचं काय, हा वादही तोच आहे आणि उन्हाळ्यात उगमाकडचे लोक तो अजून घालतात.

उगमानंतर नदी उत्तरेला का वळते याचंही उत्तर भूगर्भातच आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी मासिफ सेंट्रल ताणलं गेलं आणि त्यात दक्षिणोत्तर लांबट खचदऱ्या तयार झाल्या. ल्वारचा वरचा प्रवास म्हणजे या खचदऱ्यांची माळ आहे: ल प्वीचं खोरं, मग अरुंद घळ, फोरेचं मैदान, पुन्हा घळ, मग रोआनचं मैदान. ल प्वीच्या आसपास बेसॉल्टचे खांब आणि सुळके बघितले की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं, पण इथला लाव्हा आपल्या दख्खनच्या मानाने खूपच तरुण आहे. पश्चिमेच्या समांतर खचदरीतून आल्ये नदी येते. म्हणजे या भागात एकाच आकाराच्या दोन नद्या शेजारी शेजारी उत्तरेला वाहतात.

नव्हेर शहराच्या खाली, बेक दाल्ये नावाच्या संगमावर या दोघी भेटतात. माझ्या मते ल्वारवर एकच जागा बघायची तर ही. दोन्ही नद्यांचा सरासरी विसर्ग जवळपास सारखा आहे. आल्येला मुख्य नदी मानणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आल्ये भरपूर वाळू घेऊन येते. संगमाखाली पात्र रुंदावतं, बेटं आणि वाळूच्या पुळणी सुरू होतात, आणि चित्रांत दिसते ती ल्वार इथून पुढे सुरू होते.

आता वळणाकडे येऊ. संगमापासून नदी सांसेर, ब्रियार, जियां करत उत्तर-वायव्येला जाते. ब्रियारपाशी ती सेनच्या खोऱ्याच्या इतकी जवळ येते, की मधला जलविभाजक डोळ्यांना कळतच नाही. शेतं, झाडी, थोडासा चढ, आणि पलीकडे ल्वें नदी, जी सेनला मिळते. हा चढ इतका किरकोळ आहे की फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या मंत्र्याने, स्युलीने, 1604 साली इथून कालवा खणायला घेतला. उग कोन्ये या अभियंत्याने रोन्यी गावाजवळ टेकडी चढण्यासाठी एकाखाली एक अशा सात जलद्वारांचा जिना बांधला. हेन्रीच्या खुनानंतर काम रखडलं आणि 1642 मध्ये कालवा पुरा झाला. दोन नद्यांची खोरी माथ्यावरून जोडणारा फ्रान्समधला हा पहिला कालवा. रोन्यीचे ते सात टप्पे आज कोरडे आहेत, पण जसेच्या तसे उभे आहेत.

तो कालवा तिथेच जमला, कारण निसर्गाने ती वाट आधी वापरलेली होती. मायोसीन काळात, म्हणजे साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वी, वरची ल्वार उत्तरेला जाऊन आजच्या सेनच्या खोऱ्यात शिरत होती. पुरावा वाळूत आहे. पॅरिसच्या परिसरात, चुनखडी आणि चिकणमातीच्या प्रदेशात, ग्रॅनाइटची भरड वाळू सापडते. तिथे आसपास ग्रॅनाइट कुठेच नाही. ती मासिफ सेंट्रलहून नदीनेच वाहून आणलेली आहे. तशीच वाळू आणि चिकणमाती ऑर्लेआंच्या दक्षिणेला सोलोन्य प्रदेशात पसरली आहे. म्हणूनच तिथली जमीन निकस, तळ्यांनी आणि झाडीने भरलेली आहे.

मग पश्चिमेकडून समुद्र आत आला. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अटलांटिकचं एक उथळ आखात आजच्या ब्ल्वा शहराच्या परिसरापर्यंत पोचलं होतं. तूर आणि ब्ल्वा या शहरांच्या मधल्या शेतांत आजही शिंपल्यांनी गच्च भरलेली वाळू निघते. हाताने चोळली तर तिच्यातून प्रवाळांचे आणि शार्कच्या दातांचे तुकडे मिळतात, आणि समुद्र तर तिथून आता 200 किलोमीटरहून लांब आहे. तो प्रदेश खचत गेला, पश्चिमेला उतार मिळाला, आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नदीने वरच्या ल्वारला आपल्याकडे खेचून घेतलं. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात. ते नेमकं केव्हा झालं, एका दमात की नदी दोन्हीकडे डोलत डोलत, यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. ते झालं याबद्दल मात्र वाद नाही. ऑर्लेआंचं वळण हा त्या सांध्याचा व्रण आहे. शहर नदीच्या सर्वांत उत्तरेकडच्या टोकावर बसलंय आणि पॅरिसशी व्यापार करायला याहून सोयीची जागा नव्हती, म्हणूनच ते तिथे मोठं झालं.

ऑर्लेआंजवळची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शहराच्या थोडं वर, जार्जोच्या आसपास, ल्वारच्या तळाशी पोकळ चुनखडी आहे. तिथे नदीचं पाणी तळातल्या भेगांतून जमिनीखाली जातं. उन्हाळ्यात पात्रातल्या पाण्याचा बराच मोठा वाटा असा नाहीसा होतो. तीन-चार दिवसांनी तेच पाणी ऑर्लेआंच्या दक्षिणेला एका उद्यानात, ‘बुयों’ नावाच्या गोल, निळसर डोहातून वर येतं. तळातून पाणी उकळल्यासारखं वर ढकललं जातं आणि पृष्ठभागावर गुळगुळीत फुगवटे उठतात. या डोहातून ल्वारे नावाची जेमतेम 12 किलोमीटरची नदी निघते, आणि ती परत ल्वारला जाऊन मिळते. पूर्वी लोक तिला स्वतंत्र नदी समजत. रंग सोडून केलेल्या चाचण्यांनी सिद्ध झालं की ती ल्वारच आहे. शहराला पिण्याचं पाणी याच पोकळ चुनखडीतल्या विहिरींतून मिळतं. बांधांवर काम करणाऱ्यांना मात्र हीच चुनखडी झोपू देत नाही, कारण बांधाखालची एखादी पोकळी पुराच्या दाबाने खचली तर वरचा मातीचा बांध कितीही भक्कम असो, तो बसतो.

आता पाण्याकडे, म्हणजे पाण्याच्या तुटवड्याकडे. समुद्राला मिळण्याआधी, आंजे आणि नांतच्या मध्ये मोंज्याँ इथे ल्वारचा सरासरी विसर्ग सेकंदाला साडेआठशे घनमीटरच्या आसपास आहे. आपल्या भाषेत सुमारे 30 हजार क्युसेक. हजार किलोमीटर लांबीच्या, फ्रान्सच्या पाचव्या भागाहून अधिक भूभागाचं पाणी गोळा करणाऱ्या नदीला हे फार नाही. रोन तिच्याहून लांबीने कमी, पण तिचं पाणी दुप्पट. फरक असा की रोन आणि ऱ्हाइन आल्प्सच्या बर्फावर जगतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांना पाणी असतं. ल्वारला हिमनदी नाही. वरच्या खोऱ्यात ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट, त्यात पाणी फारसं मुरत नाही. पाऊस पडला की धावत सुटतं, थांबला की आटतं. त्यात बेक दाल्येपासून तूरच्या पुढे शेर नदी मिळेपर्यंत जवळजवळ तीनशे किलोमीटरमध्ये एकही मोठी उपनदी नाही. एवढ्या लांब टप्प्यात नदी वरून आलेल्या शिदोरीवरच चालते. ऑगस्टमध्ये ब्ल्वाच्या पुलावरून जे दिसतं, म्हणजे वाळूच्या पुळणी, मधून दोन-तीन बारीक धारा आणि पुळणीवर अंडी घालणारे सुरय, ते म्हणूनच.

शेवटची आधाराची तरतूद माणसाने केली आहे. आल्येच्या एका छोट्या उपनदीवर 1983 मध्ये नोसाकचं धरण झालं, क्षमता सुमारे 19 कोटी घनमीटर. रोआनच्या वर ल्वारवर 1984 मध्ये व्हिलरेचं धरण झालं. कोरड्या दिवसांत जियांपाशी सेकंदाला 60 घनमीटर पाणी राहील असा प्रयत्न, हे दीर्घकाळ यामागचं लक्ष्य राहिलं आहे. हा आकडा माशांसाठी आहे, पिण्यासाठी आहे, शेतीसाठी आहे, पण सर्वांत आधी अणुवीज केंद्रांसाठी आहे. बेलव्हिल, दांपियेर, सां-लोराँ आणि शिनों अशी चार केंद्रं या मधल्या ल्वारच्या काठी आहेत, एकूण 12 अणुभट्ट्या, आणि त्यांना थंडाव्यासाठी पाणी लागतं. फ्रान्सच्या विजेचा एवढा भार देशातल्या सर्वांत बेभरवशाच्या मोठ्या नदीवर टाकलेला आहे. उन्हाळे तापत चाललेत आणि वरच्या खोऱ्यातला पावसाचा ताल बदलतोय. मला या खोऱ्यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते, पुराहूनही.

पुरांबद्दल लोक मला जास्त विचारतात, आणि ते साहजिक आहे. ल्वारला पाऊस दोन दिशांनी येतो. एक, शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून. गरम, ओलसर वारं पठाराच्या आग्नेय कडेवर, सेव्हेनच्या कड्यावर आपटतं आणि काही तासांत उगमाकडच्या भागात प्रचंड पाऊस पडतो. दोन, हिवाळ्यात अटलांटिककडून संथ, दिवसेंदिवस चालणारा पाऊस, जो व्हिएन आणि मेन या खालच्या उपनद्या भरतो. एकेकटे आले तर खोरं ते सहन करतं. मोठे पूर आले ते हे दोन्ही पाऊस एकावर एक पडल्यावर. 1846, 1856 आणि 1866 असे दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन वेळा ते झालं. 1856 मध्ये काठचे बांध शंभराहून अधिक ठिकाणी फुटले. तिसरा नेपोलियन स्वतः आंजेजवळच्या त्रेलाझेच्या पाटीच्या दगडाच्या खाणींतल्या पूरग्रस्तांना भेटायला गेला. त्यानंतर इतका मोठा पूर मधल्या ल्वारला आलेला नाही. आज बांधाच्या आड राहणाऱ्यांपैकी कोणीही तो पाहिलेला नाही, आणि आमच्या कामातली खरी अडचण ती आहे.

बांधांचा इतिहास बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. इंग्लंडचा राजा प्लांटाजेनेट हेन्री दुसरा याच्या काळात सोम्यूरच्या भागात काठावर माती आणि फांद्यांचे ठेंगणे बांध होते. ते पाणी पूर्ण अडवत नसत, फक्त त्याचा जोर मोडत आणि सुपीक गाळ शेतात सोडत. पुढच्या शतकांत राजसत्तेने ते उंच, सलग आणि ‘अभेद्य’ करत नेले. प्रत्येक पुरानंतर आणखी उंच. नदी जितकी आवळली तितकी पाण्याची पातळी वर चढली, आणि बांध फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठं झालं. 1866 नंतर अभियंता कोमोय याने वेगळं सांगितलं: वरच्या खोऱ्यात जलाशय बांधा आणि खालच्या बांधांत मुद्दाम सखल सांडवे ठेवा, म्हणजे मोठ्या पुरात पाणी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वाटेने शेतात उतरेल. त्याचे काही सांडवे झाले. नंतरच्या पिढ्यांनी काय केलं, तर त्या सांडव्यांमागे घरं बांधली. ब्ल्वाच्या समोर ‘ला बुयी’ नावाच्या सांडव्याखाली अशीच एक अख्खी वस्ती उभी राहिली होती. अलीकडे तिथल्या जवळजवळ दीडशे घरांचं संपादन करून ती पाडली गेली. ही कारवाई मला या नदीवरच्या सर्वांत शहाण्या कामांपैकी एक वाटते. लोकांना हलवणं सोपं नसतं आणि राजकीय फायदा तर शून्य.

दुसरं शहाणं काम वर ल प्वीजवळ झालं. 21 सप्टेंबर 1980 ला ब्रीव्ह-शारांसाक या गावात रात्रीतून नव्हे तर दिवसाउजेडी, काही तासांत विसर्ग सेकंदाला दोन हजार घनमीटरच्या आसपास गेला, म्हणजे 70 हजार क्युसेक. आठ माणसं गेली. त्यानंतर वर घळीत सेर द ला फार इथे मोठं धरण बांधायचं ठरलं. स्थानिक लोक आणि निसर्गप्रेमी 1989 पासून धरणाच्या जागेवर तळ ठोकून बसले. 1994 साली सरकारने ते धरण रद्द केलं. त्याऐवजी गावातून जाणारं पात्र रुंद करण्यात आलं, काठावरचे कारखाने हलवले, पूर-इशाऱ्याची यंत्रणा सुधारली. त्याच निर्णयाने आल्येवरचं सांतेत्येन-द्यू-व्हिगांचं आणि व्हिएनवरचं मेझों-रूजचं, अशी दोन जुनी वीज-धरणं 1998 च्या सुमारास पाडली गेली, कारण ती सामन माशाच्या वाटेत होती. हा सामन समुद्रातून आठशेहून अधिक किलोमीटर उलट्या प्रवाहात आल्येच्या माथ्यापर्यंत अंडी घालायला जातो. पश्चिम युरोपात इतका लांब जाणारा जंगली सामन आता दुसऱ्या कुठल्या नदीत उरलेला नाही. वर पूतेसचं धरणही आता उंचीने कमी करून त्याच्यासाठी मोकळं केलं आहे.

वाळूचं एक प्रकरण राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामासाठी ल्वारच्या पात्रातून यंत्रांनी वाळू उपसली गेली. पात्र काही ठिकाणी एक-दोन मीटर, नांतच्या वरच्या अंगाला त्याहूनही जास्त खाली गेलं. त्यामुळे पुलांचे लाकडी खुंट्यांवर उभे पाये उघडे पडले. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत शतकानुशतकं टिकतं, हवा लागली की कुजतं. 9 एप्रिल 1978 ला तूरचा अठराव्या शतकातला दगडी पूल, पाँ विल्सन, भरदिवसा कमानीमागून कमान पडत कोसळला. पात्रातला उपसा पुढे बंद झाला. वाळू मात्र लगेच परत येत नाही. नदीने ती मासिफ सेंट्रलहून आणायला हजारो वर्षं घेतली आहेत.

आता जहाजांचा प्रश्न. जहाजं नाहीत हे आज खरं आहे, पण दोनशे वर्षांपूर्वी ही फ्रान्समधली सर्वांत गजबजलेली नदी होती. कारण पुन्हा ते वळण. ऑर्लेआंपासून समुद्रापर्यंत नदी पश्चिमेला वाहते आणि या प्रदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणजे खाली जाताना प्रवाह, वर येताना वारा. सपाट तळाच्या, उथळ बोटी एकामागे एक बांधून, मोठी चौकोनी शिडं लावून नांतहून मीठ, साखर, मासे घेऊन ऑर्लेआंला येत, आणि डोलकाठी आडवी करून पुलांखालून परत जात. वरच्या खोऱ्यातून, जिथे वाऱ्याचा उपयोग नाही, तिथून देवदाराच्या कच्च्या बोटी कोळसा आणि वाइन घेऊन एकदाच खाली येत आणि पोचल्यावर मोडून लाकूड विकलं जाई. वाटेत आंबलेली वाइन ऑर्लेआंला उतरवली जात असे. तिथला व्हिनेगरचा धंदा त्यातून वाढला. पण पाणी नसेल तर आठवडे थांबावं लागे, पूर किंवा बर्फ असेल तरीही. 1843 मध्ये रेल्वे ऑर्लेआंला आली, 1846 मध्ये तूरला, 1851 मध्ये नांतला, आणि एका पिढीत सगळं संपलं. ऱ्हाइनप्रमाणे हिला खोल, बांधीव कालवा बनवायचे बेत झाले, पण सरकत्या वाळूने आणि कमी पाण्याने ते हाणून पाडले. ब्रियारला 1896 मध्ये 662 मीटर लांबीचा पोलादी जलसेतू बांधला गेला. आयफेलच्या कंपनीने त्याचे खांब उभे केले. त्यावरून बोटी ल्वारच्या डोक्यावरून पलीकडे जातात. ल्वारमध्ये न उतरताच तिला ओलांडायची ही सोय आहे, यावरून काय ते समजावं.

तूरनंतरचा प्रवास भराभर सांगतो. शेर आणि आंद्र या उपनद्या डावीकडून येतात, पण लगेच मिळत नाहीत. ल्वारने स्वतःच्या गाळाने काठ इतके उंचावलेत की त्या कित्येक किलोमीटर तिला समांतर वाहतात, मग कुठे वाट मिळते. व्हिएन कांद-सां-मार्तांपाशी मिळते. सेंट मार्टिन 397 मध्ये इथेच वारला. गावामागच्या टेकडीवरून दोन्ही पाण्यांचा वेगळा रंग दिसतो. या टप्प्यात काठचा दगड मऊ, पांढरा, चुन्याचा आहे. या काठचे प्रसिद्ध राजवाडे त्याचेच, त्या खाणींतल्या गुहांत घरं आणि वाइनची कोठारंही. आंजेजवळ जेमतेम डझनभर किलोमीटर लांबीची मेन नदी तीन मोठ्या उपनद्यांचं पाणी घेऊन येते, आणि तिथेच जमीन बदलते. पांढऱ्या चुनखडीचा प्रदेश संपतो, आर्मोरिकाचा, म्हणजे ब्रिटनीकडच्या जुन्या डोंगराळ भागाचा, काळा पाटीचा दगड सुरू होतो. दरी आखडते. पांढऱ्या भिंतींची गावं मागे पडतात. सुल्ली ते शालोन हा 280 किलोमीटरचा टप्पा 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तो इथेच संपतो.

नांतपासून पुढे खाडी. इथे माणसाने सर्वांत जास्त ढवळाढवळ केली आहे. मोठी जहाजं नांतपर्यंत यावीत म्हणून आधी 1892 मध्ये ला मार्तिनियेरचा 15 किलोमीटरचा कालवा काढला, तो काही वर्षांतच निरुपयोगी ठरला. मग मुख्य पात्रच खोल केलं. नांतमधले नदीचे फाटे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बुजवले. पात्र खोल झाल्याने भरती आता समुद्रापासून सुमारे 90 किलोमीटर आत, आंसेनीपर्यंत जाणवते. पूर्वी ती नांतच्या पुढे फारशी जात नसे. तिच्याबरोबर खारं पाणी आणि चिखलाचा एक प्रचंड ढग आत येतो. उन्हाळ्यात हा ढग वर-खाली फिरतो, त्यात प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आंजे ते नांत या टप्प्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जलमार्गासाठी बांधलेले दगडी धक्के आता छाटून ठेंगणे केले जात आहेत, म्हणजे वाळू पुन्हा पसरेल आणि पात्र वर येईल. काम बरोबर आहे, फक्त फळ दिसायला दशकं लागतील. सां-नाझेरला 1975 चा 3,356 मीटर लांबीचा पूल ओलांडला की समुद्र.

नदी बघायला जाणार असाल तर ऑगस्टच्या शेवटी आणि फेब्रुवारीत, दोन्ही वेळा जा. वेळ कमी असेल तर राजवाडे सोडा. बेक दाल्ये, ब्रियार आणि ऑर्लेआंचा बुयों डोह या तिन्ही जागा गाडीने दोन दिवसांत होतात. ब्रियारला जलसेतूवर चालून झालं की रोन्यीच्या सात जलद्वारांपर्यंत नक्की जा. आणि पुळणीवर उतरलात तर पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूवर पाय टाकताना काळजी घ्या. ती घट्ट दिसते, पण खालून पाण्याने पोखरलेली असते, आणि दर उन्हाळ्यात त्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचे जीव जातात.